दुसऱ्यांदा तोच कॅम्पस

शुक्रवार, थँक्सगिव्हिंगचा दुसरा दिवस. रात्रीचे साडेअकरा.

चिरंजीवांनी आज यूसीचा, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, अर्ज एकदाचा पाठवला. पाच कॅम्पस, प्रत्येकी ८० डॉलर. कार्ड माझं, म्हणून तेवढं तरी कळलं.

गेल्या वर्षी मार्चमध्ये, जिथे त्याचा जीव अडकला होता तिथून नकार आला आणि तो कूपर्टिनोच्या डी अँझाला, दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात, जायला लागला. पुण्याला फोनवर "कम्युनिटी कॉलेज" म्हटलं तर वन्सं म्हणाल्या, "म्हणजे समाजमंदिरात का गं?" तेव्हा अज्जिबात हसू आलं नव्हतं.

आज तोच कॅम्पस पुन्हा यादीत बघितला नि पोटात गोळा आला. विचारायचं नाही असं ठरवूनही बोललेच, "एकदा नाही म्हणालेत ना रे ते?"

"आई, तो अर्ज वेगळा होता. आता इथले ग्रेड बघणार."

खरं आहे त्याचं. इथले ग्रेड, त्या विषयाला लागणारे कोर्स आणि चार छोटे निबंध. एसएटीची प्रवेशपरीक्षा नाही, शिफारसपत्रं नाहीत. शिवाय ट्रान्सफरमध्ये, म्हणजे असं मधूनच दुसरीकडून येणाऱ्यांत, यूसी कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना आधी घेतं. सप्टेंबरात त्याने यूसीच्याच डेव्हिस कॅम्पसचा टॅग नावाचा हमीचा अर्जही भरलाय, म्हणजे अटी पाळल्या तर तिथली जागा नक्की. पण टॅग एकाच कॅम्पसचा भरता येतो, आणि बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो तो देतच नाहीत. आमच्या साहेबांना हवंय ते नेमकं त्या तिघांतलंच.

फ्रिजवर गणपतीच्या मॅग्नेटखाली त्याचा कागद आहे. ट्रान्सफरला लागणाऱ्या ९० क्वार्टर युनिट्सचा, म्हणजे तिमाही क्रेडिट्सचा, हिशोब. कॅल्क्युलसचे चार भाग, त्यातल्या तिसऱ्यापुढची खूण खोडलेली. वसंतात तो कोर्स त्याने अर्ध्यावर सोडला, आता पुन्हा करतोय. ट्रान्सक्रिप्टवर त्याचा डब्ल्यू, म्हणजे कोर्स सोडल्याची खूण, राहिलाच. जुन्या नकाराची तिथे नोंद नाही, पण हा डब्ल्यू ते वाचणार. धास्ती घ्यायचीच तर याची घ्यायला हवी. मी मात्र वीस महिने भलतंच उगाळत बसले.

जानेवारीत या क्वार्टरचे ग्रेड कळवायचे. निकाल एप्रिलअखेर.

त्या कॅम्पसच्या टूरला घेतलेला कॉफीचा मग मी नकार आला त्याच आठवड्यात वरच्या कपाटात, कुकरच्या मागे सरकवला होता. मघाशी भांडी आवरताना तो सिंकमध्ये सापडला. आत कॉफीचं वाळलेलं कडं. किती दिवस त्यातून पितोय कोण जाणे.