शिजवलं की सगळं मरतं ना?

मी अन्नातल्या अ‍ॅलर्जनवर काम करते हे कळलं, की थोड्या वेळाने हा प्रश्न येतोच. विचारणाऱ्याच्या घरात बहुधा कुणाला तरी शेंगदाण्याची, अंड्याची नाहीतर दुधाची अ‍ॅलर्जी असते. खरपूस भाजलं, खळखळून उकळलं, तर चालेल ना? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण इथे नुसतं हो किंवा नाही म्हणणं मला धोक्याचं वाटतं.

मरतात ते जिवाणू. अ‍ॅलर्जन म्हणजे प्रथिन. ते मुळात जिवंतच नसतं, तर मरणार काय? उष्णतेने त्याची घडी उलगडते, आकार बदलतो. आता अ‍ॅलर्जी असलेल्या माणसाच्या रक्तातली आयजीई प्रतिपिंडं (अ‍ॅलर्जी घडवून आणणारी) त्या प्रथिनाला कशावरून ओळखतात, यावर पुढचं सगळं ठरतं. घडीवरून ओळखत असतील तर शिजवल्यावर ओळख पुसली जाते. पण प्रथिन ज्या अमिनो आम्लांच्या साखळीचं बनतं, तिच्यातल्या एखाद्या तुकड्यावरून ओळखत असतील, तर घडी मोडली तरी तो तुकडा जागच्या जागी असतो.

अंड्याच्या पांढऱ्या भागात हे दोन्ही प्रकार शेजारीशेजारी सापडतात. त्यातलं निम्म्याहून जास्त प्रथिन ओव्हाल्ब्युमिन. उकडल्यावर ते घट्ट होऊन बसतं आणि त्याची अ‍ॅलर्जी करण्याची ताकद बरीच कमी होते. ओव्होम्यूकॉइड जेमतेम ११ टक्के, पण उकळूनही ते फारसं बदलत नाही. म्हणून अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बऱ्याच मुलांना केकमध्ये भाजलं गेलेलं अंडं चालतं, आणि ओव्होम्यूकॉइडविरुद्ध प्रतिपिंडं जास्त असलेल्यांना बहुधा तेही चालत नाही. आपलं मूल यांतलं कोणतं, हे घरी खाऊ घालून पाहायचं नसतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवं, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते.

शेंगदाण्याची गोष्ट आणखी अवघड. त्यातलं आरा एच २ हे प्रथिन गंधकाच्या बंधांनी इतकं घट्ट आवळलेलं असतं, की त्याला उष्णताही सहज उलगडू शकत नाही आणि पोटातला पाचकरसही. पाण्यात उकडले तर काही प्रथिनं पाण्यात उतरतात आणि दाण्यातलं अ‍ॅलर्जन थोडं कमी होतं. भाजताना मात्र साखर आणि प्रथिनं एकमेकांना चिकटतात. तो खमंग वास, तो तांबूस रंग त्याचाच. प्रयोगशाळेत भाजलेल्या दाण्याच्या अर्काला आयजीई कच्च्यापेक्षा जास्त चिकटलेलं दिसलं आहे.

माझी स्वतःची फसगत इथेच झाली होती. अन्नातलं अ‍ॅलर्जन शोधणाऱ्या एलायझा चाचणीत ९६ खळग्यांची प्लेट असते. अ‍ॅलर्जन असेल तिथे आधी निळा रंग येतो आणि आम्ल घातलं की पिवळा होतो. कच्च्या दाण्याचे खळगे गर्द पिवळे, चांगल्या भाजलेल्यांचे फिकट. मी वहीत लिहून मोकळी झाले, ‘भाजल्याने अ‍ॅलर्जन घटले.’ मार्गदर्शक बाईंनी प्लेटकडे पाहिलंही नाही. त्यांनी विचारलं, “गाळाचं काय केलंस?” नळीच्या तळाशी बोटाच्या पेराएवढा तपकिरी गाळ बसला होता. अर्क काढण्यासाठी वापरलेल्या मिठाच्या साध्या द्रावणात भाजलेलं प्रथिन विरघळलंच नव्हतं. गंधकाचे बंध तोडणारं रसायन आणि डिटर्जंट घालून त्याच गाळाचा पुन्हा अर्क काढला, तेव्हा खळगे पिवळेधमक झाले. प्रथिन कुठेही गेलं नव्हतं. माझ्या नळीत न विरघळलेलं ते कुणाच्या पोटातही विरघळणार नाही, असं थोडंच आहे? तेव्हापासून ‘अ‍ॅलर्जन आढळले नाही’ असं वाचलं, की अर्क कशात काढला होता ते मी आधी बघते.

शिजवल्याने उलट घडू शकतं हे तर शंभर वर्षांपूर्वीच दिसलं होतं. हाइन्झ क्यूस्टनर या डॉक्टरांना शिजवलेला मासा खाल्ला की अंगभर गांधी उठायच्या. कच्च्या माशाच्या अर्काने काही होत नसे. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कार्ल प्राउसनिट्झ यांनी क्यूस्टनर यांच्या रक्तातलं सीरम स्वतःच्या त्वचेत टोचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. तिथे गांध उठली. रक्तातलं जे काही एका माणसाकडून दुसऱ्याकडे गेलं, ते आयजीई होतं हे कळायला साठचं दशक उजाडावं लागलं.

शिजवण्याचा उपयोग नाही असं मात्र समजू नका. राजम्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन पूर्ण उकळल्यावरच निकामी होतं. अर्धवट शिजलेला राजमा खरोखर आजारी पाडतो. बर्च झाडाच्या परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्या पुष्कळांच्या तोंडाला कच्च्या सफरचंदाने खाज सुटते, शिजवलेलं त्यांना सहसा चालतं. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष मात्र नेहमीच्या स्वयंपाकाच्या आचेला दाद देत नाही. प्रत्येकाची तऱ्हा निराळी.

आणि हाताचं विचाराल, तर सॅनिटायझर जिवाणू मारतो, शेंगदाण्याचं प्रथिन हातावर तसंच ठेवतो. ते साबण लावून पाण्याने धुतल्यावर निघतं.