शौचावाटे रक्त आणि मेडिक्लेम नाही: पैसे कुठे घालायचे, कुठे नाही

शौचाला रक्त दिसलं की घरात पहिला शब्द निघतो तो मूळव्याधीचा. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. पण याच शब्दाआड आतड्यातली गाठ महिनोन्‌महिने लपून राहते, आणि मेडिक्लेम नसलेल्या घरात तर जास्तच, कारण तपासण्यांचा खर्च डोळ्यांसमोर उभा राहतो. पहिल्या टप्प्याला फारसा खर्च येत नाही. भलत्याच तपासण्या आधी केल्या की मात्र पैसे जातात आणि निदानही होत नाही.

थांबायचं कधी नाही, ते आधी. डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं शौच. उलटीत रक्त किंवा काळपट कण. उभं राहिल्यावर घेरी, धडधड, घाम. किंवा थांबतच नाही असं रक्त. यांपैकी काहीही असलं तर १०८ ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका. काळं शौच म्हणजे बहुधा जठरातला किंवा त्यालगतच्या आतड्यातला रक्तस्राव. गुडघेदुखी-पाठदुखीसाठी रोज डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन घेणाऱ्यांना हा धोका जास्त. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं आणि बीट खाल्ल्यावर लालसर, म्हणून काय खाल्लं-घेतलं ते डॉक्टरांना सांगा.

एवढी घाई नसेल तर दोन-चार दिवस नीट बघून लिहून ठेवा. शौच करताना कापल्यासारखं दुखतं आणि थोडं लाल रक्त लागतं, तर बहुधा फिशर, म्हणजे गुदद्वाराला पडलेली चीर. न दुखता शेवटी थेंब थेंब पडतं, तर बहुधा मूळव्याध. रक्त शौचात मिसळलेलं असेल, सोबत आव असेल, वजन उतरत असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल, वय पंचेचाळीसच्या पुढे असेल किंवा घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर झाला असेल, तर रक्त थांबलं तरी आतून तपासणी हवीच.

सुरुवात सरकारी दवाखान्यातून करा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे ग्रामीण, उपजिल्हा, जिल्हा रुग्णालयांत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ससून, जेजे, घाटी ही वैद्यकीय महाविद्यालयांची आणि केईएम, सायन ही मुंबई महापालिकेची. तिथे केसपेपर आणि तपासण्यांचे पैसे पडतात, पण खासगीपेक्षा खूप कमी. सर्जरीच्या ओपीडीत सकाळी लवकर जा. डॉक्टरांनी बोटाने आणि प्रॉक्टोस्कोपने, म्हणजे आत बघायच्या छोट्या नळीने, गुदद्वार तपासलंच पाहिजे. संकोचाने पेशंट नाही म्हणतो, गर्दीत डॉक्टरही सोडून देतात, आणि सर्वांत स्वस्त व सर्वांत उपयोगी तपासणी राहून जाते. तुम्ही स्वतः म्हणा, "डॉक्टर, आतून तपासून घ्या." सोबत रक्ताचा सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजणारी साधी तपासणी. हिमोग्लोबिन उतरलेलं असेल तर रक्त बरेच दिवस जात असावं, आणि फक्त मूळव्याधीवर खापर फोडून गप्प बसता येत नाही.

पोटाची सोनोग्राफी इथे सहसा पैसे वाया घालवते. आतड्याचं अस्तर तिच्यात नीट दिसत नाही, आणि 'नॉर्मल' रिपोर्ट घेऊन माणूस निश्चिंत होतो. ट्यूमर मार्करची, म्हणजे रक्तातून कॅन्सरच्या खुणा शोधण्याची, पॅकेजंही तशीच. डोळ्यांना रक्त दिसत असताना शौचातलं छुपं रक्त शोधण्याची तपासणी कशाला?

तो पैसा कोलोनोस्कोपीसाठी ठेवा, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं बघण्यासाठी. खासगीत करायची तर भूल, बायोप्सी (तपासायला काढलेला तुकडा) आणि पॅथॉलॉजीचं बिल वेगळं आहे का, ते आधीच विचारा. तपासणी फसते ती पोट साफ न झाल्याने, आणि मग पुन्हा पैसे भरावे लागतात. आदल्या दिवशी पालेभाज्या, बिया असलेली फळं, साली आणि बीट बंद. मऊ भात, मग पातळ पेय. पेगची, म्हणजे पोट साफ करायची, पावडर बहुधा दोन लिटर पाण्यात कालवून दर दहा-पंधरा मिनिटांनी एक ग्लास घेतात; पाकिटावर आणि चिठ्ठीवर लिहिलंय तेच पाळा. शेवटी फिकट पिवळं, आरपार दिसणारं पाणी जायला हवं. लोहाची गोळी काही दिवस आधी बंद करावी लागते. रक्त पातळ करणारं औषध, मधुमेहाचं औषध किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. ही औषधं स्वतःहून बंद करू नका. भूल मिळाली तर सोबत माणूस न्या, गाडी चालवू नका.

फिशर निघालं तर रात्री दोन चमचे इसबगोल मोठ्या ग्लासभर पाण्यात, आणि कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं बसणं. पाणी कमी पडलं तर इसबगोलच अडकून बसतं. 'विनाऑपरेशन गॅरंटी' लिहिलेल्या पाट्यांकडे जाऊ नका: सुई टोचून दिलेल्या अनोळखी औषधाने जखम सडते आणि गाठ असेल तर मौल्यवान महिने जातात.

मोठं काही निघालं तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण, आणि आता पांढरं रेशनकार्डही चालतं. भरती न होता केलेली साधी तपासणी सहसा यात बसत नाही. गाठीचं ऑपरेशन, केमो बसतात. अंगीकृत, म्हणजे योजनेत असलेल्या, रुग्णालयात आरोग्यमित्राच्या (योजनेच्या मदतनीसाच्या) टेबलावर रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा, डिपॉझिट भरण्याआधी. अशा रुग्णालयांची यादी १५५३८८ वर विचारता येते. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, म्हणून तो आजच काढायला टाका. तिथे समाजसेवा अधिकाऱ्यांना गाठा. काउंटरवर 'खाट नाही' ऐकून परतू नका.

आत्ता धावत जाऊन पॉलिसी काढली, तर या त्रासासाठी ती बहुधा उपयोगी पडणार नाही. आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, आणि लक्षण लपवलं तर पुढे क्लेम नाकारला जातो. पॉलिसी जरूर काढा, फॉर्ममध्ये खरं लिहून. तपासणी मात्र तिच्यासाठी अडवून धरू नका.