मोटार जळाली, असं मी सांगितलं

रोज सकाळी साडेआठला मी हेअर कॅचर उघडतो. पंपाच्या तोंडाशी जाळीची टोपली असते, तिच्यात आदल्या दिवशीचा सगळा पार्क सापडतो. केसांचा बुचका, सेफ्टी पिना, टिकल्या, काळे मणी, एकदा तर आख्खं जोडवं. फुटलेल्या डायपरमधला जेल भिजवलेल्या साबुदाण्यासारखा जाळीला चिकटून बसतो, तो नखानं खरवडावा लागतो. आणि सुती कपड्यांचं बोंड. 'कॉटन कपडे चालणार नाहीत' अशी पाटी गेटवर आहे. पण आमच्या वर्धा जिल्ह्यात कापूस पिकवणाऱ्याला 'कापूस घालून येऊ नको' म्हणायचं म्हणजे पाटीची हिंमतच म्हणायची.

मी आयटीआय फिटर. आधी जिनिंगमध्ये होतो, आता चार वर्षं या वॉटर पार्कच्या पंपघरात. लोक येतात, वरचा प्लास्टिकचा जिराफ बघतात, फोटो काढतात. मालकाचाही जीव त्या जिराफावर. पाणी कोणी बघत नाही. निळं दिसलं की झालं. निळी तर टाइल असते. आणि डोळे चुरचुरले, वास आला की लोक म्हणतात, 'क्लोरीन लय मारलं बाप्पा.' उलट आहे. तो वास घाम आणि लघवी क्लोरीनला भेटल्याचा असतो. नाकाला झोंबतं तेव्हा बहुतेक वेळा क्लोरीन कमी पडलेलं असतं. हे मी किती जणांना सांगितलं असेल! ऐकतात, मान हलवतात आणि पोराला म्हणतात, 'जा, पाण्यातच करून घे.'

तो मे महिन्यातला रविवार. लग्नाची तिथ नव्हती, म्हणून गर्दी दुप्पट. ताई तिच्या दोन लेकरांना घेऊन एसटीनं आली होती. स्टाफच्या पासवर वर्षातून एकदा घरच्यांना आणता येतं. भाची सात वर्षांची, भाचा चारचा. आल्याआल्या भाच्यानं विचारलं, "मामा, हे सारं पाणी तुह्यं हाय?" मी म्हटलं, हो. दोघांना मोठ्या फॅमिली पूलच्या उथळ बाजूला सोडलं आणि कामाला लागलो.

पावणेबाराला बेबी पूलवरच्या गार्डनं दोन शिट्ट्या मारल्या. दोन म्हणजे बुडण्याचं नाही, घाणीचं. मी गेलो तर एका बचत गटाच्या बायका लेकरांना घेऊन काठाला सरकल्या होत्या. त्यांच्यातली एक, पंचविशीची असेल, भाड्याच्या नायलॉनच्या कपड्यात, दीड-दोन वर्षांच्या पोराला पोटाशी धरून उभी. पोराच्या पायांवरून पिवळं पाणी गळत होतं. पुलातही पिवळा ढग पसरत होता.

घट्ट असतं तर जाळीनं काढता येतं. तेव्हा क्लोरीन 2 पीपीएम (म्हणजे दहा लाख भाग पाण्यात दोन भाग), पीएच साडेसातच्या आत ठेवून अर्धा तास थांबलं तरी चालतं. पातळ असलं की हिशेब बदलतो. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक जंतू आहे, टणक कवचाचा. आपण ठेवतो तेवढ्या क्लोरीनमध्ये तो आठवड्याहून जास्त जगतो. आकार चार ते सहा मायक्रॉन, म्हणजे आमच्या वाळूच्या फिल्टरमधून सरळ पार. 1993 साली अमेरिकेत मिलवॉकी शहराच्या नळाच्या पाण्यात तो शिरला, तर चार लाखांच्या आसपास माणसं आजारी पडली होती. तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या कोष्टकात पातळ शी झाली तर पूल बंद, 20 पीपीएम क्लोरीन आणि पावणेतेरा तास असं लिहिलं आहे. ते कोष्टक मी पंपघराच्या दारावर मराठीत लिहून चिकटवलं आहे. त्या लेकराच्या पोटात हाच जंतू होता असं मी म्हणत नाही. नसेलच बहुतेक. पण बघून ओळखता येत नाही, म्हणून असल्यासारखंच धरायचं असतं.

मी त्या बाईला हळूच विचारलं, कधीपासून आहे? ती म्हणाली, "कालपासून. दात येऊन राह्यले नं त्याले." मग आणखी हळू, "पैसे भरून झाले होते भाऊ. गटाच्या गाडीत एकच तं दिवस."

मॅनेजर आले. म्हणाले, "जाळी मार, दोन डबे हायपो टाक, दहा मिनिटांत चालू कर." हायपो म्हणजे क्लोरीनचं द्रावण. पुलाला ते बादली समजतात. मी ऐकलं नाही, दोरी बांधली. बायका विचारायला लागल्या, काय झालं, काहून बंद? ती पोराला टॉवेलमध्ये गुंडाळत खाली बघत होती. मी म्हटलं, मोटार जळाली. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

वाईट वाटतं ते पुढचं.

आमच्या पार्कात बेबी पूल आणि फॅमिली पूलचं पाणी एकाच बॅलन्सिंग टाकीत येतं, एकाच फिल्टरमधून जातं. लहान मुलांच्या पुलाचं फिल्टर वेगळं असावं, हे या कामातलं बालवाडीचं ज्ञान. बांधताना एक पंप वाचवला. मी दोनदा लिहून दिलं होतं, उत्तर आलं, 'सीझन झाल्यावर बघू.' बेबी पूल मोठ्यापासून वेगळा करायचा तर फरशीखालच्या चेंबरमध्ये एक चार इंची गेट व्हॉल्व्ह आहे. झाकण उचललं, आत विंचू. तो हाकलला. चाक फिरेना, गंजलेलं. डिझेल सोडलं, पाइप पाना लावला, सळईनं जोर दिला. वीस मिनिटं गेली. बेबी पूल 54 हजार लिटरचा, तासाभरात त्याचं सगळं पाणी एकदा फिरतं. वीस मिनिटांत एक तृतीयांश मोठ्या पुलाकडे गेलं.

कोणी विचारेल, पंपच का नाही बंद केला? लाल बटण माझ्या हाताशी होतं. पण स्लाइडचं पाणीही त्याच टाकीतून वर जातं. पाणी तुटलं की स्लाइडमधला माणूस मधेच अडकतो, कातडी सोलते. वर रांगेत पन्नासेक जण होते. हे कारण खरं आहे. वर शिट्टी मारून रांग थांबवायला आणि स्लाइड रिकामी करायला तीन मिनिटं लागतात, हेही खरं आहे. मी चेंबरकडे पळालो, कारण मला व्हॉल्व्ह दिसत होता, माणसं नाही. फिटरची खोड.

व्हॉल्व्ह बसल्यावर घाम पुसत मी वर आलो. फॅमिली पुलात तीनशे तरी माणसं असतील. म्युझिक चालू होतं. 4 लाख लिटर पाणी. 20 पीपीएमवर न्यायचं तर कागदावर 80 लिटर हायपो. पण आमचा हायपो पत्र्याच्या शेडमध्ये 45 डिग्रीत शिजतो. डब्यावर 10 टक्के लिहिलेलं असतं, मे महिन्यात पाच-सहा उरतात. म्हणजे दीडशे लिटर लागणार, आणि माझ्याकडे 35 लिटरचे दोन डबे. पाणी सोडून द्यावं? बाजूच्या गावात तेव्हा एक दिवसाआड टँकर येत होता. चार लाख लिटर नाल्यात सोडलं असतं तर गावानं आम्हाला उभं जाळलं असतं, आणि बरोबरच केलं असतं. उरला उपाय एकच, सगळ्यांना बाहेर काढा, तिकिटाचे पैसे परत करा.

मॅनेजरना मी हे एकदाच म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लहान पूल बंद केला नं तू? मंग?" मी गप्प बसलो.

आणि मग मी उथळ बाजूला गेलो, भाचीला हाक मारली, भाच्याला काखेत धरून उचललं. म्हटलं, चला, जेवायचं. भाची रडायला लागली, "मामा, आत्ताच तं आलो!" नळाखाली साबण लावून दोघांना घासून काढलं. ताईनं डबा उघडला. पोळी, मिरचीचा ठेचा, आंब्याचं रायतं. पोरांनी खाल्लं आणि पुन्हा पाण्याकडे धावली. मी म्हटलं, आता नाही, ऊन लागते. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे. ती म्हणाली, "ऊन सकाळपासून होतं. खरं सांग, काय झालं?"

सांगितलं.

तिनं पोळीचा तुकडा डब्यात परत ठेवला. पुलाकडे बघितलं. मग हनुवटीनंच तिकडं दाखवत विचारलं, "अन् हे?"

बचत गटातल्या बायका तिथंच होत्या. बेबी पूल बंद, म्हणून लेकरांना घेऊन मोठ्या पुलाच्या उथळ बाजूला बसल्या होत्या. त्या बाईनं तिचं आजारी पोर मात्र पाण्यात नेलं नव्हतं. काठावर टॉवेलवर घेऊन बसली होती. माझ्या 'मोटारी'चा अर्थ तिला कळला असावा. माझ्यापेक्षा तिनं नियम जास्त पाळला.

पाच वाजता गेट बंद झालं. बेबी पुलात मी कागदावरच्या 11 लिटरऐवजी 20 लिटर हायपो ओतला, लहान सबमर्सिबल टाकून पाणी रात्रभर घुसळत ठेवलं. क्लोरीन तपासायच्या ओटीओच्या थेंबांचा पिवळा रंग एवढ्या क्लोरीनला मोजत नाही, तपकिरी होऊन बसतो. म्हणून एक वाटी पुलाचं पाणी नऊ वाट्या बोअरच्या पाण्यात मिसळायचं, दोन आलं की वीस समजायचं. दर दोन तासांनी तपासलं. मोठ्या पुलात उरलेला हायपो आणि तुरटी टाकली, मध्यरात्री बॅकवॉश केला, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुतला. ते पाणी शेजारच्या वावरात जातं. शेतकरी दरवेळी शिव्या देतो, त्या रात्री तो झोपला होता. सकाळी सात वाजता बेबी पुलाचा कागद मी भरला, वेळ, पीपीएम, सही. मोठ्या पुलाच्या रकान्यात काय लिहायचं ते न कळून नेहमीचे आकडे लिहिले.

त्या जंतूचा त्रास सुरू व्हायला साधारण आठवडा लागतो. मी दिवस मोजले. पार्कच्या नंबरवर कोणाचाही फोन आला नाही. येणारही नव्हता. मे महिन्यात लेकराला जुलाब झाले तर आमच्याकडे ऊन बाधतं, आंबा बाधतो, लग्नाची पंगत बाधते.

ताईला मात्र मी रोज फोन करत होतो. पोट्टे कसे आहेत, जेवतात का, पोट बरं आहे नं. नवव्या दिवशी ती म्हणाली, "बरे हाय रे. रोज काहून इचारतं?"

मी म्हटलं, सहज. बचत गटाच्या त्या गाडीतल्या कोणाचाच नंबर माझ्याकडे नव्हता.