खामच्या काठाने नाथसागराकडे

खाम नदी जटवाड्याकडच्या डोंगरातून येते, छत्रपती संभाजीनगर शहरातून वाट काढते आणि पुढे वाळूजच्या बाजूने गोदावरीकडे, नाथसागरात म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात जाते. मार्चमध्ये तिच्या काठाने निघालो. जमेल तिथे पायी, एरवी मोटारसायकलवर.

पाणचक्कीपाशी आधी बरं वाटलं. 2021 पासून महापालिका, छावणी परिषद आणि नागरिकांनी मिळून इथला कचरा उपसला, काठ नीट केले, झाडं लावली. सकाळी फिरायला येणारी माणसं पाहून या शहराबद्दल अभिमान वाटला. पण काठ सुधारले तरी पाण्याचा प्रश्न वेगळाच असतो.

आपल्या मराठवाड्यातल्या बहुतेक लहान नद्यांना हिवाळा सरता सरता स्वतःचं पाणी उरत नाही. उन्हाळ्यात पात्रात जे वाहतं ते नाल्यांचं आणि कारखान्यांचं. प्रक्रिया करून नदीत सोडायच्या पाण्याला बीओडीची मर्यादा लिटरला 30 मिलिग्रॅम आहे. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना लागणारा ऑक्सिजन. थोडक्यात पाण्याची भूक. 25 अंशांच्या स्वच्छ पाण्यात ऑक्सिजन मावतो जेमतेम 8 मिलिग्रॅम. भरल्या नदीत ही भूक भागून जाते. खाममध्ये मार्चला मिसळायला दुसरं पाणीच नसतं. मग मासा जगणार कसा?

वाळूजकडे एका सांडपाणी प्रक्रिया केंद्रात ओळखीने आत जाता आलं. एरेशन टाकीवर, म्हणजे ब्लोअरने पाण्यात हवा सोडतात त्या टाकीवर, तपकिरी फेस उसळत होता. ऑपरेटरने टाकीतलं पाणी काचेच्या नळकांड्यात भरून अर्धा तास ठेवलं. खाली गाळ बसला, वर पाणी निवळलं. "हा गाळ म्हणजे जिवंत जीवाणू, साहेब. ब्लोअर बंद पडला की यांचा श्वास कोंडतो. आणि प्लेटिंगचं क्रोमियम आत आलं तर समदं संपलं." प्लेटिंग म्हणजे धातूवर मुलामा चढवणं. म्हणून क्रोमियमसारखे धातू कारखान्यातच वेगळे काढावे लागतात, जीवाणू त्यांना खात नाहीत. नदीत गेले तर ते तळाच्या गाळात बसतात आणि वरचं पाणी निवळल्यावरही वर्षानुवर्षं तिथेच राहतात. अर्धा तास त्या नळकांड्याकडे पाहणारा हा माणूस मला नदीचा खरा राखणदार वाटला.

पुढे एका काळ्या नाल्यात लांब गुलाबी पायांच्या शेकाट्या चरत होत्या. पक्षी दिसले म्हणून नदी बरी झाली असं समजू नका. ऑक्सिजन नसलेल्या चिखलातही तग धरणाऱ्या लाल अळ्या त्या वेचतात. कवड्या धीवर पाण्यावर एका जागी फडफडत थांबला आणि त्याने सूर मारला, तर तिथे मासे आहेत आणि त्याला ते वरून दिसतातही. नाल्याकाठी तो मला कुठेच दिसला नाही. नाथसागराच्या उघड्या पाण्यावर मात्र लगेच दिसला.

तिथे जाळं सुकवणाऱ्या एका मामांना विचारलं, नदीच्या तोंडाशी मासा मिळतो का? "पावसाळ्यात चढतो बगा. पानी वंगाळ झालं की मागं फिरतो."

म्हणजे मासा यायला तयार आहे. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या नद्यांसाठी बीओडीला 30 ऐवजी 10 ची मर्यादा ठेवा, शक्य तेवढं प्रक्रिया केलेलं पाणी कारखान्यांतच पुन्हा वापरा आणि ब्लोअर रात्रीही चालू आहे का ते तपासा. खामच्या बाबतीत माझं मागणं एवढंच आहे.