केस पेपरवरची कोंबडी : आजारी कॉकाटिलच्या उपचारांचा माझा अनुभव

आमच्या घरी सोन्या नावाचा एक कॉकाटिल, म्हणजे डोक्यावर तुरा असलेला लहानसा परदेशी पक्षी, आहे. पक्षीबाजारात त्याला सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात आणि आमच्या आळीत सगळे जण पोपटच म्हणतात. या दुसऱ्या नावाने आम्हांला ऐन अडचणीत कसे छळले, ते सांगावे म्हणूनच मुख्यतः हे लिहीत आहे.

कुकरची शिट्टी झाली की सोन्या तिला शीळ घालून उत्तर देतो. गेल्या श्रावणात एका सोमवारी तीन शिट्ट्या झाल्या तरी तो गप्प राहिला, हे माझ्या पत्नीच्या ध्यानात आले. मी जाऊन पाहिले तेव्हा तो पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून पिंजऱ्याच्या तळाशी बसला होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर त्याची शेपटी खालीवर होत होती. पावसाचा गारठा बाधला असेल, असे मी म्हणालो, पण नातीने त्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले आणि काट्याने ७८ ग्रॅम दाखवले. ती एरवी दर रविवारी त्याचे वजन वहीत लिहून ठेवते. मधले दोन रविवार ती आजोळी गेली होती आणि त्याआधीची नोंद ९२ ग्रॅमची होती. पिसांमुळे पक्षी गुबगुबीत दिसतो; छातीवर बोट फिरवल्यावर मधले हाड सुरीच्या धारेसारखे लागले, तेव्हा मला घाम फुटला. पक्षी आपला आजार होईल तितका लपवतो, कारण थव्यातला दुबळा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो. त्यामुळे तो आपल्याला आजारी दिसू लागतो, तोवर आजार मुरलेला असतो.

विष्ठेकडेही आम्ही दुर्लक्ष केले होते. निरोगी पक्ष्याच्या विष्ठेत गडद हिरवा किंवा तपकिरी गोळा, पांढरा भाग आणि थोडे स्वच्छ पाणी असे तीन भाग वेगळे दिसतात. सोन्याच्या पिंजऱ्यातल्या कागदावर पांढऱ्या भागाचा रंग चक्क पोपटी झाला होता. पिंजऱ्यात वर्तमानपत्राऐवजी कोरा कागद घालावा, म्हणजे असला रंग लगेच कळतो.

मंगळवारी सकाळी खोक्यात टॉवेल घालून मी त्याला आमच्या भागातल्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. खिडकीवरच्या गृहस्थांनी केस पेपर पुढे ओढला, ‘प्राणी’ या रकान्यावर पेन टेकवले आणि विचारले, “काय आणलंय?” मी कॉकाटिल म्हणालो. त्यांना ते समजले नाही. मागच्या रांगेतल्या कोणीतरी मदतीच्या भावनेने “पोपट आहे हो” असे सांगितले आणि पेन जागच्या जागी थांबले. “काका, पोपट हा वनखात्याचा विषय. त्यांचं पत्र आणा, मग केस पेपर काढतो.”

त्यांची शंका अगदीच निराधार होती, असे मी म्हणणार नाही. आपल्याकडचा हिरवा, लाल चोचीचा पोपट १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने संरक्षित आहे आणि त्याला पिंजऱ्यात पाळणे हा गुन्हा आहे. अनेक घरांत तो आजही असतो, ही गोष्ट वेगळी. कॉकाटिल मात्र मूळचा ऑस्ट्रेलियातला. परदेशी पक्ष्यांपैकी जे साइट्स कराराच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्टांत येतात, त्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पोपटांच्या जवळजवळ सगळ्या जाती त्या परिशिष्टांत आहेत. ज्या मोजक्या जाती वगळल्या आहेत, त्यांत कॉकाटिल आहे. हे सारे मी खिडकीतून सांगू लागलो. गृहस्थांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मागच्या शेळीवाल्याला पुढे बोलावले.

वनपरिक्षेत्र कार्यालयात मंगळवारी दुपारी संबंधित कर्मचारी फिरतीवर होते. बुधवारी भेटले. त्यांनी खोक्यात डोकावून पाहिले, “हा आपला नव्हे” असे एका दृष्टिक्षेपात बरोबर सांगितले, आणि जो पक्षी आमच्या कक्षेत येत नाही, त्याबद्दल आम्ही पत्र कोणत्या नियमाखाली द्यायचे, असे मलाच विचारले. मी पुन्हा दवाखान्यात गेलो. पत्र लागत नाही, असे ते म्हणतात, हे मी सांगितले. “मग तसं लेखी आणा,” असे उत्तर मिळाले. पत्र लागत नाही, असे पत्र! मी स्वतः ३१ वर्षे जिल्हा परिषदेत कारकुनी केली आहे आणि माणसांना हेलपाटे घालायला मीही कधी लावले असेन, पण त्या बाकावर मांडीवर खोके घेऊन बसलो असताना आतून येणारा शेपटीचा तो बारीक खरखराट ऐकून माझा संयम सुटला. बुधवारी रात्री सोन्याचे वजन ७५ ग्रॅम भरले.

गुरुवारी सकाळी मी अर्ज लिहून नेला. विषय : आजारी पक्ष्यावर उपचार नाकारल्याबाबत. खाली एवढेच की, वनखात्याचे पत्र कोणत्या आदेशान्वये आवश्यक आहे त्या आदेशाचा क्रमांक व दिनांक कळवावा, आणि उपचार नाकारायचे असल्यास तसे लेखी द्यावे. सोबत दुसरी प्रत, पोच म्हणून आवक क्रमांक आणि शिक्का मिळण्यासाठी. गृहस्थांनी अर्ज दोनदा वाचला, शिक्क्याकडे हात नेला, परत घेतला आणि आत गेले. तीन मिनिटांत डॉक्टर स्वतः बाहेर आले. आपल्या हाताने लिहिलेल्या सात ओळींचा इतका अभिमान मला सेवेत असताना कधी वाटला नव्हता.

डॉक्टर सरळ मनाचे निघाले. केस पेपरवर पक्षी म्हणून कोंबडीचाच पर्याय होता, त्यामुळे त्यांनी ‘कोंबडी (१)’ असे लिहायला सांगितले. सोन्याला पाहून ते म्हणाले की, कोंबड्यांवर मी रोज उपचार करतो, पण एवढ्याशा जिवाला औषधाची मात्रा ठरवण्याचा मला अनुभव नाही. पुण्यात केवळ पक्षी पाहणारे डॉक्टर आहेत, आजच जा. त्यांनी फोन नंबर दिला. हे वाक्य मला मंगळवारी मिळाले असते तर दोन दिवस वाचले असते. तुमच्या घरी पक्षी असेल, तर तो ठणठणीत असतानाच पक्ष्यांचे डॉक्टर कोठे आहेत याची चौकशी करून ठेवा आणि पोपट हा शब्द खिडकीवर उच्चारू नका.

पुण्यात सारे सुरळीत झाले. घशाचा आणि गुदद्वाराचा नमुना घेऊन तपासणीला पाठवला आणि सिटॅकोसिस या जिवाणूंमुळे होणाऱ्या आजाराचा संशय असल्याने अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक सुरू केले. अहवालही तसाच आला. औषध ४५ दिवस द्यावयाचे होते, पक्षी मध्येच खडखडीत दिसला तरीही. हा आजार माणसालाही होतो, त्यामुळे डॉक्टरांनी घरात कोणाला ताप किंवा कोरडा खोकला आहे का, हे आधी विचारले. पिंजरा कोरडा झाडायचा नाही, मास्क लावून ओल्या फडक्याने पुसायचा, म्हणजे वाळलेल्या विष्ठेची धूळ उडत नाही. पिंजऱ्यात चोच घासायला ठेवलेला समुद्रफेसाचा तुकडा मात्र त्यांनी काढायला लावला. त्यातल्या कॅल्शियममुळे हे औषध अंगी लागत नाही.

येथे एक कबुली देतो. सोन्याला सोबत हवी म्हणून तो आजारी पडण्याच्या तीन आठवडे आधी मी बाजारातून दुसरा कॉकाटिल आणून थेट त्याच्याच पिंजऱ्यात सोडला होता. नवा पक्षी किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा, हे मला ठाऊक नव्हते. नव्या पाहुण्यालाही मग तेवढेच दिवस औषध द्यावे लागले.

औषध पाजताना सोन्याला हातरुमालात गुंडाळायचो, पण छाती न आवळता, कारण पक्ष्याला आपल्यासारखे श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला श्वासाचा पडदा) नसते आणि छाती हलली नाही तर तो गुदमरतो. सुईविना सिरिंजने चोचीच्या कडेने थेंब थेंब सोडायचे. शेजारच्या काकूंनी ब्रँडीचा थेंब सुचवला होता, तो मी नाकारला. खोक्याच्या एका टोकाला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी ठेवून तिथे सुमारे ३० अंशांची ऊब राखली आणि दुसरे टोक गार ठेवले, म्हणजे उकडल्यास त्याला सरकता येते. चोच उघडून धापा टाकू लागला की ऊब जास्त झाली, असे समजावे.

अकराव्या दिवशी कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला त्याने उत्तर दिले. कुकर आता आम्ही दार लोटून लावतो, कारण पिंजरा स्वयंपाकघरातून काढला आहे. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत दगावू शकतो, हेही पुण्यातच कळले. सूर्यफुलाच्या बियांऐवजी किसलेले गाजर, लाल भोपळा आणि शेवग्याचा पाला देतो. त्याने आठवडाभर त्याकडे पाहिलेही नाही, मग पाला खाल्ला. परवाच्या रविवारी वजन ९१ ग्रॅम होते. त्या अर्जाची शिक्का मारलेली पोच मला अजून मिळालेली नाही.