तुम्ही विचारलंत म्हणून: कोड अडकला की कुठे जाऊन विचारायचं?

'प्रोग्रामिंगच्या शंका विचारायला एखादा चांगला ग्रुप सांगा ना' असा मेसेज मला वरचेवर येतो आणि मी लिंक द्यायच्या आधी उलट विचारते, अडकलाय कशात? कारण नुसत्या 'कोडिंग हेल्प' नावाचे जे भलेमोठे ग्रुप असतात तिथे निम्मं बोलणं 'कुठली लँग्वेज शिकू' यावर आणि उरलेलं कोर्सच्या जाहिरातींवर चालतं. तुमचा प्रॉब्लेम पायथनचा असेल तर पायथनवाल्यांत जा, रिअ‍ॅक्टचा (वेबसाइट बनवायच्या तयार कोडचा, म्हणजे लायब्ररीचा) असेल तर रिअ‍ॅक्टवाल्यांत.

आणि तो अड्डा गुगलवर 'टॉप टेन' शोधून नाही सापडत, त्या लँग्वेजच्या किंवा लायब्ररीच्या स्वतःच्या साइटवर कम्युनिटी म्हणून पान असतं नाहीतर गिटहबवर (जिथे तिचा कोड ठेवलेला असतो) रीडमी नावाच्या माहितीच्या फाइलमध्ये लिंक असते, ती धरायची. प्रत्येकाचं बस्तान वेगळ्या चॅट अ‍ॅपवर आहे. पायथन आणि रिअ‍ॅक्टची मोठी गर्दी डिस्कॉर्डवर (पायथन डिस्कॉर्ड आणि रिअ‍ॅक्टिफ्लक्स), गो लँग्वेजवाले गोफर्स नावाच्या स्लॅकवर, लीन (गणिती सिद्धता तपासणारी लँग्वेज) वापरणारे झुलिपवर. आयआरसी नावाचं साधं टेक्स्ट चॅट तर १९८८ चं आहे आणि अजून जिवंत आहे, लिनक्स, सी असल्या विषयांतली मुरलेली मंडळी तिथे बसलेली असतात. फक्त जुन्या लेखांत पत्ता फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कचा दिलेला असतो, तिकडे जाऊ नका, मे २०२१ मध्ये तिथला स्टाफ मालकीच्या भांडणातून बाहेर पडला आणि त्यांनी लिबेरा चॅट हे नवं नेटवर्क काढलं, बहुतेक चॅनल तिकडेच गेले.

आयआरसीवर नवीन माणूस हमखास काय करतो, प्रश्न टाकतो, पाच मिनिटं वाट बघतो आणि विंडो बंद करतो. उत्तर येतं पाऊण तासाने. उत्तर देणारे फुकट, स्वतःची नोकरी सांभाळून आणि भलत्याच टाइमझोनमधून देत असतात, आणि साध्या आयआरसीत तुम्ही नसताना झालेलं बोलणं तुम्हाला नंतर दिसतच नाही. म्हणजे उत्तर आलं पण घ्यायला कोणी नाही. थांबा जरा.

चॅटचा मोठा दोष मला विचाराल तर हाच, विसरभोळेपणा. स्लॅकच्या फुकट प्लॅनवर ९० दिवसांपूर्वीचे मेसेज दिसत नाहीत, डिस्कॉर्डमधलं बोलणं सहसा गुगलला सापडत नाही, म्हणून तोच प्रश्न रोज नव्याने येतो आणि उत्तर देणारे वैतागतात. झुलिप यात मला सगळ्यात आवडतं, तिथलं बोलणं विषयवार लावलेलं असतं आणि बऱ्याच कम्युनिटींचं जुनं बोलणं लॉगिन न करता वाचता येतं. बाकीकडे निदान आतला सर्च वापरून बघा आणि प्रॉब्लेम सुटला की कशाने सुटला ते दोन ओळीत तिथेच टाका, नुसतं 'झालं, थँक्स' नको.

ग्रुप चांगला की वाईट हे मेंबरच्या आकड्यावरून कळत नाही, दोनचार दिवस नुसतं वाचत बसलं की कळतं. नवशिक्याने बावळट वाटणारा प्रश्न विचारला की काय होतं ते बघा. चांगल्या ठिकाणी कोणीतरी विचारतं, 'पण तुम्हाला मुळात करायचंय काय?' हा प्रश्न ऐकून चिडू नका हो, आपण बऱ्याचदा आपल्या चुकीच्या उपायातली अडचण विचारत असतो, मूळ अडचण नाही. तुटक बोलणारा पण बरोबर सांगणारा माणूस मला चालतो, टिंगल करणारा नाही. आणि 'डीएममध्ये (खासगी मेसेजमध्ये) ये, सांगतो' म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा. सगळ्यांसमोर कोणी चुकीचं सांगितलं तर दुसरा टोकतो, डीएममध्ये टोकायला कोण आहे?

विचारताना 'कोणाला जावा येतं का?' असं नको, सरळ प्रश्नच टाका. काय व्हायला हवं होतं, काय होतंय, पूर्ण एरर, व्हर्जन, आणि तोच एरर देणारा कमीत कमी कोड. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला फोटो कृपया नको, त्यातला कोड कोण टाइप करत बसणार. कोड लांब असेल तर पेस्टबिनची (कोड चिकटवून ठेवायच्या साइटची) लिंक द्या. त्याआधी पासवर्ड आणि एपीआय की (एखादी सेवा कोडमधून वापरायची गुप्त किल्ली) काढल्यात ना ते बघा, चुकून गेली तर मेसेज डिलीट करून भागत नाही, ती किल्ली बदलायचीच.

'एआय असताना ग्रुप कशाला' असंही विचारतात. आधी एआयला विचारा की, साध्या एररला पुरतं. पण लायब्ररीच्या कालच्या रिलीजमध्ये काय तुटलं ते ती रोज वापरणाऱ्यालाच लवकर कळतं आणि 'हा सगळा मार्गच सोड' हेही तोच बेधडक सांगतो. फक्त एआयचं उत्तर तिथे दुसऱ्याला चिकटवू नका, पायथन डिस्कॉर्डच्या नियमांतच ते मना आहे, चालू परीक्षेचे प्रश्नही बहुतेक ठिकाणी चालत नाहीत.

राहिलं इंग्रजी. मोडकंतोडकं चालतं, खरंच चालतं, एरर तर तशीही इंग्रजीतच असते आणि लोक आधी तीच वाचतात.