प्रत्यारोपणानंतरचा मूत्रपिंडविकार आणि त्याचे कोड

पुण्याच्या खराडीत बसून अमेरिकी रुग्णांच्या नोंदी कोड करणाऱ्या, म्हणजे त्यांतल्या आजारांना ठरावीक कोड देणाऱ्या नवशिक्यांना, मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) वाढलेले दिसले की लगेच टी८६.१ गटातला, म्हणजे मूत्रपिंड प्रत्यारोपणाच्या गुंतागुंतीचा कोड लावण्याचा मोह होतो. वास्तविक नवे मूत्रपिंड पूर्ण कार्यक्षमता परत आणेलच असे नाही, म्हणूनच आयसीडी-१०-सीएम या अमेरिकेतल्या आजारांच्या कोडप्रणालीच्या मार्गदर्शक सूचनांनुसार केवळ दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असणे ही प्रत्यारोपणाची गुंतागुंत ठरत नाही. डॉक्टरांनी ‘टप्पा ३ब’ लिहिले असेल, तर एन१८.३२ (दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचा तो टप्पा) आणि जोडीला झेड९४.० (मूत्रपिंड प्रत्यारोपण झाल्याची नोंद) एवढे पुरते. (ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, ३८ पाहून टप्पा आपणच ठरवणे हे आपले काम नव्हे.) अवयव शरीराने नाकारला तर टी८६.११, निकामी झाला तर टी८६.१२, आणि तेव्हा झेड९४.० गळतो. नोंद संदिग्ध असेल, तर दिवसाचे टार्गेट हुकले तरी डॉक्टरांकडे रीतसर विचारणा करावी.